फुलीचें घर

आमच्या वार्षिकाच्या संपादकांनीं यंदा मजकडे एक साधें काम सोंपविलें. आपल्या जिल्ह्यांत समाजसेवा करणारीं जीं मंडळें आहेत त्यांच्या कार्याची थोडी माहिती, आणि येत्या वर्षांत भरणाऱ्या त्यांच्या मेळाव्यांच्या तारखा, विद्यार्थ्यांसाठीं व त्यांच्या पालकांसाठीं लिहून द्याव्या, एवढेंच त्यांचें मागणें होतें. शाळेच्या सेवामंडळाची जबाबदारी गेलीं बरींच वर्षें माझ्याकडे असल्यामुळें हें काम एका संध्याकाळचें आहे असें मला वाटलें. कागद घेऊन बसलों, तारखा मांडल्या, आणि लेखणी जी थांबली ती आठ दिवस थांबली. तारखा चुकल्या होत्या असें नव्हे. परंतु त्या यादींत एक तारीख नव्हती, आणि ती कोणत्याहि मंडळाच्या निमंत्रणपत्रिकेवर छापलेली मीं आजवर पाहिली नाहीं. ती कोणती हें सांगावयाचें तर मला माझ्या आजीची हकीकत सांगावी लागेल. तेवढी मोकळीक संपादकांनीं द्यावी.

प्रथम यादीच देतों, म्हणजे मागणाऱ्याचें ऋण फिटेल. रोटरी आणि लायन्स या दोन्ही मंडळांचें वर्ष १ जुलैस सुरू होतें. त्या सुमारास नगर, श्रीरामपूर, संगमनेर, कोपरगांव अशा गांवीं पदग्रहणाचे समारंभ होतात व नवे अध्यक्ष आणि कार्यवाह जुन्यांच्या हातून सूत्रें घेतात. (त्या दिवशीं हारतुऱ्यांवर जो खर्च होतो त्यांत एखाद्या वाडीच्या विहिरीचा गाळ निघेल, असें मला दरवर्षीं वाटतें, पण तें असो.) २५ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर हा नेत्रदानाचा पंधरवडा होय. १ ऑक्टोबर हा रक्तदानाचा दिवस, व दुसऱ्याच दिवशीं गांधीजयंतीस गांवोगांव ग्रामसभा भरतात. त्याच महिन्याचा दुसरा गुरुवार जगभर दृष्टिदिन म्हणून पाळला जातो, आणि त्याच्या आगेंमागें डोळ्यांच्या तपासणीचीं शिबिरें होतात. २४ ऑक्टोबर हा पोलिओ दिन. ३० जानेवारीस कुष्ठरोग-निवारणाच्या सभा असतात. २३ फेब्रुवारी हा रोटरीचा जन्मदिवस. १९०५ सालीं त्या दिवशीं शिकागो शहरांत पॉल हॅरिस नांवाच्या एका वकिलानें तिघा मित्रांसह पहिली बैठक भरविली. पुढें बैठक आळीपाळीनें एकेकाच्या कचेरींत भरूं लागली, म्हणून मंडळाला फिरतीचें हें नांव पडलें. लायन्स मंडळ त्याच शहरांतील मेल्व्हिन जोन्स यांच्या खटपटीनें १९१७ सालीं निघालें. १९२५ सालीं अंध विदुषी हेलन केलर यांनीं ओहायो राज्यांतील त्यांच्या अधिवेशनांत अंधांचा कैवार घेण्याची त्यांना विनंति केली, आणि तेव्हांपासून डोळ्यांचें काम या मंडळानें आपलें मानलें. आपल्या देशांत रोटरी १९१९-२० च्या सुमारास कलकत्त्यास आली. लायन्स १९५६ सालीं मुंबईस. शाळकरी मुलांसाठीं रोटरीचें इंटरॲक्ट मंडळ १९६२ पासून आहे.

एकमेकांच्या उपयोगीं पडण्यासाठीं जमणें ही मात्र कांहीं परदेशाहून आलेली रीत नव्हे. आमच्याकडे पेरणीच्या घाईंत ज्याचें काम अडेल त्याच्या शेतांत सारी आळी आपापलीं औतें घेऊन उतरे. मजुरी कोणी घेत नसे, मालकानें जेवण घालावयाचें एवढेंच. त्याला इर्जिक म्हणत. आणि ज्यांचें नांव आतां आपल्या जिल्ह्याला दिलेलें आहे त्या अहिल्यादेवी होळकरांचा जन्म १७२५ सालीं आमच्याच जामखेड तालुक्यांत, चौंडी गांवीं झाला. त्यांनीं देशभर बांधविलेले घाट, विहिरी व धर्मशाळा शाळेंतील प्रत्येक मुलाला ठाऊक आहेत.

आतां आजीची गोष्ट.

मी चवथींत होतों. १९८० चा माघ महिना होता. आजीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदु पिकला होता, आणि दोन वर्षांपासून ती अंगणाच्या बाहेर एकटी पडत नसे. माझा खांदा हीच तिची काठी. आमच्या गांवापासून कांहीं कोसांवर असलेल्या एका मोठ्या गांवांतील एका सेवामंडळानें डोळ्यांचें फुकट शिबिर भरविल्याची दवंडी बाजाराच्या दिवशीं ऐकूं आली. वडिलांनीं रात्रींच गाडी जुंपली. आजी, आजोबा, वडील आणि मी असे चौघे निघालों. आजी वाटेंत एकहि शब्द बोलली नाहीं, फक्त माझा हात घट्ट धरून बसली होती.

शिबिर तेथल्या शाळेंत होतें. वर्गांतील बांकें बाहेर काढून भिंतीला लावलेलीं, जमिनीवर सतरंज्या अंथरलेल्या, आणि त्यांवर म्हाताऱ्या माणसांच्या रांगा. मोठ्या शहराहून आलेले डॉक्टर सकाळपासून रात्रीपर्यंत उभे होते. शस्त्रक्रिया झालेल्यांच्या डोळ्यांवर हिरव्या कापडाच्या पट्ट्या होत्या. मंडळाचे सभासद, म्हणजे गांवांतील व्यापारी, वकील, एकदोन शिक्षक, स्वतः पाणी भरीत होते, वाढीत होते. त्यांतील एका गृहस्थाचें कपड्याचें मोठें दुकान होतें. त्यांनीं आजीजवळ मांडी घालून बसून वरणभात कालवून तिला आपल्या हातानें भरविला. हें मीं डोळ्यांनीं पाहिलें आहे, आणि तें मी कधीं विसरलों नाहीं. पुढें जें लिहावयाचें आहे तें वाचतांना वाचकांनींहि तें विसरूं नये.

सातव्या दिवशीं सर्वांना घरीं जाण्याची परवानगी मिळाली. निघण्यापूर्वीं सर्व रोग्यांना पायरीवर बसवून छायाचित्र काढण्यांत आलें. आजोबा आजीच्या मागें उभे होते. प्रत्येकाच्या हातीं एक चिठ्ठी देण्यांत आली व सांगण्यांत आलें कीं, जखम भरून यावयास दीड महिना लागेल, त्यानंतर चष्मा मिळेल. चष्मे आम्ही गांवीं आणून देऊं, कोणीं हेलपाटा घालूं नये.

हल्लींच्या मुलांना येथें थोडें समजावून सांगितलें पाहिजे. आतां मोतीबिंदु काढला कीं डोळ्याच्या आंतच कृत्रिम भिंग बसवितात. त्या काळीं खेड्यापाड्यांच्या शिबिरांत तशी सोय नसे. गढूळ झालेलें नैसर्गिक भिंग काढून टाकीत, आणि त्याचें काम बाहेरून जाड भिंगाच्या चष्म्यानें करून घेत. चष्मा नसेल तर डोळ्यांत उजेड शिरतो, रंगहि कळतात, परंतु कोणत्याच वस्तूला कडा नसते. समोर माणूस आहे एवढें समजतें, तें कोण हें समजत नाहीं. तेव्हां शस्त्रक्रिया हें अर्धें काम होतें, आणि उरलेलें अर्धें त्या चष्म्यांत होतें.

पाडवा झाला, आखाती झाली, चष्मा आला नाहीं. पेरणी आटोपल्यावर आषाढांत वडील चिठ्ठी घेऊन त्या गांवीं गेले. कपड्याच्या दुकानदारांनीं त्यांना ओळखलें, बसावयास दिलें, चहा पाजला. ते म्हणाले, "आमचं वर्ष पालटलं. आता माझ्याकडं काम नाही. वही नव्या चिटणिसांकडं दिली आहे." नवे चिटणीस म्हणाले, वही आलेली दिसत नाहीं, पाहून कळवितों. दिवाळींत वडील पुन्हां गेले, तेव्हां चिटणीस गांवाला गेलेले होते. तिसऱ्यांदा वडील गेले नाहींत. आमच्या घरांत हळूहळू असा समज झाला कीं आपरेशन वायां गेलें, म्हातारीच्या नशिबीं नव्हतें. आजीनें तर तें आधींच मानलें होतें. मी पुन्हां तिची काठी झालों.

१९८१ च्या श्रावणांत आजोबा वारले. शेवटच्या रात्रीं आजी त्यांच्या उशाशीं बसली होती, आणि कपाळापासून हनुवटीपर्यंत पुन्हां पुन्हां बोटें फिरवून त्यांचा चेहरा पाहत होती.

त्यानंतरच्या उन्हाळ्यांत माझ्या चुलतीचें बाळंतपण झालें. तिला व बाळाला पाहण्यासाठीं शेजारच्या गांवची एक बाई आमच्याकडे येऊं लागली. ती गांवाची आरोग्यसेविका होती. तिला अक्षरओळख बेताचीच होती; खांद्याला एक पिशवी, पिशवींत थोडीं औषधें. दुसऱ्या खेपेस ती बाळाचें वजन करून उठली, तों आजी पाण्याच्या तांब्यासाठीं हवेंत हात फिरवीत असलेली तिला दिसली. ती थबकली. आजीची मान धरून तिनें तिचें तोंड दाराच्या उजेडाकडे केलें, डोळ्यांत पाहिलें, आणि म्हणाली,

"मावशे, तुझं तर आप्रेशन झालंया. मग चष्मा कुठं हाय?"

सव्वादोन वर्षांत हा प्रश्न कोणींच विचारला नव्हता. मंडळानें नाहीं, गांवानें नाहीं, आणि आम्हीं घरच्यांनींहि नाहीं.

तिसऱ्या दिवशीं तिनें आजीला स्वतःबरोबर तपासणीस नेलें. पंधरा दिवसांनीं चष्मा आला. काळी जाड चौकट, बाटलीच्या बुडासारखीं भिंगें, मागें बांधावयाला दोरी. आम्ही सारे भोंवतीं उभे होतों. मला वाटलें होतें, आजी प्रथम माझ्याकडे पाहील. तिनें आपल्या हातांकडे पाहिलें. दोन्ही हात उलटेसुलटे करून ती बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "लई म्हातारी झाले की रं मी." मग तिनें विचारलें कीं आजोबांचा एखादा फोटो घरांत आहे काय. नव्हता. त्यांचें उभ्या जन्मांत एकदांच छायाचित्र निघालें होतें, तें त्या शिबिराच्या पायरीवर. तें आम्हांला कधीं पाहावयास मिळालें नाहीं.

ती आरोग्यसेविका कोणाच्या शिकवणींतून तयार झाली होती तें मला पुष्कळ उशिरा समजलें. डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे हें दांपत्य वेल्लोरच्या वैद्यकीय महाविद्यालयांत शिकून, पुढें अमेरिकेंत सार्वजनिक आरोग्याचें शिक्षण घेऊन १९७० सालीं जामखेडास आलें. त्यांचा ग्रामीण आरोग्य प्रकल्प आज जगांतील वैद्यकीय विद्यालयांत अभ्यासिला जातो. १९७९ सालीं त्यांना मॅगसेसे पारितोषिक मिळालें. परंतु आमच्या विषयाच्या दृष्टीनें महत्त्वाची गोष्ट ही कीं, बाहेरून येऊन सेवा करून परत जाणाऱ्या माणसांवर त्यांनीं हें काम उभारलें नाहीं. गांवानें आपल्यांतूनच एक बाई निवडावयाची, आणि तिला शिकवावयाचें. ती बहुधा निरक्षर असे, पुष्कळदां दलित समाजांतील असे. तिच्या पाठीशीं गांवोगांव शेतकरी मंडळें व महिला मंडळें उभीं राहिलीं. १९७२ च्या दुष्काळाच्या सुमारास पाण्यासाठीं विंधनविहिरी घेण्यांत आल्या, तेव्हां त्यांतील कित्येक दलित वस्तींत घेतल्या गेल्या. ज्यांना त्या वस्तीचा वारा नको होता त्यांनाहि हंडा घेऊन तेथें जावें लागलें. शेतकरी मंडळांत नाना जातींचे पुरुष एका सतरंजीवर बसूं लागले, हें काम त्या काळीं विहीर खणण्यापेक्षां कठीण होतें. प्रकल्पाच्या नोंदींप्रमाणें १९७१ सालीं दर हजारीं १७६ बालकें वर्षाच्या आंत दगावत. १९७६ सालीं तो आंकडा ५२ वर आला. या बायकांना परत जाण्याची तारीख ठरवावी लागत नसे, कारण त्या गांव सोडून गेलेल्याच नसत. सकाळीं ज्या घरीं औषध दिलें त्या घरावरून संध्याकाळीं पाण्याला जावयाचें होतें.

येथवर वाचून कोणास वाटेल कीं, मी त्या पहिल्या मंडळाला दोष देऊन मोकळा झालों. तसें कांहीं काळ मला वाटत होतें खरें. शिक्षक होऊन या शहरांत आलों तेव्हां असल्या मंडळांविषयीं माझ्या मनांत एक अढी होती, आणि त्यांच्या सभेचें आमंत्रण आलें कीं मी कांहीं तरी निमित्त काढीत असें.

१९९७ च्या जुलैंत आमच्या शाळेचीं दोनशें मुलें घेऊन मीं शहराबाहेरच्या एका टेकडीवर झाडें लावलीं. मुलांनीं खड्डे खणले, रोपांभोंवतीं दगडांचीं कडीं केलीं. पाहुणे आले, भाषणें झालीं, सरबत झालें. छायाचित्र वार्षिकांत आलें; त्यांत मी मधोमध उभा आहें, गळ्यांत हार आहे. पुढच्या वर्षीं एप्रिलमध्यें दुसऱ्याच कामासाठीं त्या टेकडीवरून जाण्याचा प्रसंग आला. दगडांचीं कडीं जागच्या जागीं होतीं, आणि प्रत्येक कड्याच्या मध्यें एक वाळलेली काडी होती. सावली नसल्यामुळें तेथें फार वेळ उभें राहवेना. नगरासारख्या जिल्ह्यांत, जेथें पाऊस असा बेताचा, तेथें रोप लावणारा पहिल्या उन्हाळ्यांत पाणी घालावयास परत आला नाहीं तर काय होणार, हें शेतकऱ्याच्या मुलाला कोणीं सांगावयास हवें होतें काय? घरीं आलों तेव्हां मला त्या कपड्याच्या दुकानदाराची आठवण झाली. त्यांनीं निदान स्वतःच्या हातानें घांस तरी भरविला होता.

परत येण्याची रीत मला शिकविली ती पोलिओच्या मोहिमेनें. पोलिओ हटविण्याचा विडा रोटरीनें १९८५ सालीं उचलला. आपल्या देशांत १९९५ पासून ठराविक दिवशीं लहान मुलांना डोस देण्याची सरकारी मोहीम सुरू झाली, व सेवामंडळांचे सभासद, शिक्षक, परिचारिका असे सारे तींत उतरले. आरंभीं मी केंद्रावर बसत असें. टेबल, थंड पेटी, डाव्या करंगळीला शाईची खूण. पांच वाजले कीं आवराआवर करून घरीं. जीं मुलें आलीं तीं मोजलीं जात. जीं आलीं नाहींत त्यांची गणती कोणाजवळ नव्हती. पुढें १९९९ च्या सुमारास घरोघर जाण्याची पद्धति आली. घरांतील सर्व मुलांना डोस मिळाला असेल तर दारावर खडूनें इंग्रजी पी हें अक्षर लिहावयाचें. घर बंद असेल, मूल परगांवीं असेल किंवा आईबाप नको म्हणत असतील तर फुली मारावयाची. पहिल्या संध्याकाळीं मीं मोठ्या समाधानानें माझा कागद आमच्या गटाच्या परिचारिकाबाईंपुढें ठेविला. त्यांनीं त्याकडे एक नजर टाकिली आणि म्हणाल्या, "गुरुजी, पी काय मोजता? फुल्या किती राहिल्या ते सांगा. उद्याचं काम तिथं आहे."

दुसऱ्या दिवशीं आम्ही फुलीच्या घरांना गेलों. तिसऱ्या दिवशीं, जेथें फुली राहिली होती तेथें पुन्हां. वीटभट्ट्यांवर, पुलाखालच्या पालांवर, ऊसतोडणी कामगारांच्या कोप्यांवर. एका घरची सासू तीन दिवस आम्हांला दारांतूनच परत पाठवीत होती. चवथ्या दिवशीं म्हणाली, "एवढं चारचारदा येताय तर काही तरी भल्याचंच असंल," आणि नातवाला पुढें केलें. तिला पटविण्यासाठीं आम्हीं जीं भाषणें केलीं होतीं त्यांचा तिच्यावर कांहींच परिणाम झाला नव्हता. देशांतील नैसर्गिक विषाणूचा शेवटचा पोलिओग्रस्त रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजीं बंगालच्या हावडा जिल्ह्यांत आढळला, आणि २७ मार्च २०१४ रोजीं जागतिक आरोग्य संघटनेनें भारताला पोलिओमुक्त ठरविलें. त्या दिवशीं वर्तमानपत्रांत मोठमोठ्या व्यक्तींचीं नांवें होतीं. मला मात्र खडूच्या फुल्या आठवत होत्या.

ही रीत दुसऱ्या कामींहि चालते, याचा दाखला शहरापासून जवळच आहे. हिवरे बाजार गांवीं १९८९-९० पासून श्री. पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखालीं पाणलोटाचीं कामें झालीं, तीं आतां पुष्कळांस माहीत आहेत. बंधारे तर इतर गांवींहि झाले. तेथें ग्रामसभा दरवर्षीं जमून, किती पाऊस पडला, किती पाणी शिल्लक आहे, त्यांत कोणतीं पिकें निघतील, याचा ताळेबंद मांडते. बांधून झालेल्या कामाकडे दरवर्षीं परत येणें हें तेथें ठरून गेलेलें आहे.

आमच्या शाळेच्या सेवामंडळाजवळ एक वही आहे. तिला मुलांनीं फुलीची वही असें नांव ठेविलें आहे. प्रत्येक उपक्रमाचें एक पान असतें, व त्यावर दोन तारखा आधींच लिहाव्या लागतात. पहिली उपक्रमाची, दुसरी परत जाण्याची. दुसरी तारीख ठरेपर्यंत पहिल्या तारखेस मुख्याध्यापकांची मंजुरी मागावयाची नाहीं, असा आम्हीं नियम केला आहे. त्यामुळें आमचे उपक्रम संख्येनें निम्मे झाले. वार्षिक अहवालांत तें दिसतें, आणि एका सभेंत त्याविषयीं मला प्रश्नहि विचारण्यांत आला होता.

गेल्या ऑक्टोबरांत दृष्टिदिनाच्या निमित्तानें शहरांतील एका सेवामंडळाच्या साह्यानें शाळेच्या दिवाणखान्यांत तपासणीचें शिबिर झालें. आतां शस्त्रक्रिया मांडवांत किंवा वर्गांत होत नाहींत. तपासणी शिबिरांत होते व निवडलेल्या रोग्यांना गाडीनें रुग्णालयांत नेऊन आणतात. मुलांचें काम नांवें लिहिण्याचें, हात धरून नेण्याचें, पाणी देण्याचें. त्या दिवशीं सारे हौसेनें आले. त्यानंतर सहा आठवड्यांनीं, नोव्हेंबरच्या अखेरीस, दुसरा मेळावा होता. तेव्हां एका पालकांनीं मला विचारलें कीं, परीक्षा तोंडावर असतांना एकाच कामासाठीं मुलांचे दोन रविवार कां घेतां. प्रश्न रास्त होता. मीं त्यांना त्या दिवशीं मुलांबरोबर येण्याची विनंति केली आणि ते आले. जे रोगी मेळाव्यास आले नव्हते त्यांच्या घरीं मुलें दोघादोघांच्या जोड्यांनीं गेलीं. ते पालक इयत्ता नववींतील दोन मुलींबरोबर भिंगाराकडच्या एका वस्तींत गेले. तेथें एक म्हातारी होती. औषध रोज घालतेस ना, असें एकीनें विचारलें. म्हातारी म्हणाली, रोज घालतें, एकदांहि चुकलें नाहीं. तेव्हां दुसरी मुलगी म्हणाली, "आजी, घालून दाखवा बरं." म्हातारीनें बाटली उघडली आणि ज्या डोळ्यावर शस्त्रक्रिया झालीच नव्हती त्यांत थेंब टाकले. सहा आठवडे ती तेंच करीत होती. सुदैवानें डोळ्याला अपाय झाला नव्हता. पालक त्याच दुपारीं स्वतःच्या गाडींतून तिला रुग्णालयांत घेऊन गेले, आणि आतां दुसऱ्या मेळाव्याचें काम त्यांनीं आपणहून अंगावर घेतलें आहे.

तेव्हां येत्या वर्षाच्या आमच्या तारखा अशा. तपासणीचें शिबिर ऑक्टोबरच्या दुसऱ्या गुरुवारानंतरच्या रविवारीं, शाळेच्या दिवाणखान्यांत, सकाळीं आठ वाजतां. त्यानंतरच्या सहाव्या रविवारीं दुसरा मेळावा, त्याच जागीं व त्याच वेळीं. पालकांना एकाच रविवारीं येणें शक्य असेल तर त्यांनीं दुसऱ्या रविवारीं यावें, अशी माझी विनंति आहे. पहिल्या दिवशीं माणसें कमी पडत नाहींत. शहरांतील मंडळांच्या जुलैंतील पदग्रहणास यंदा मी जाणार आहें. तेथें नव्या अध्यक्षांच्या गळ्यांत जुने अध्यक्ष मानाचा पट्टा घालतात. त्याच वेळीं अपुऱ्या राहिलेल्या कामांची वही त्यांच्या हातीं द्यावी, व ती दिल्याची नोंद इतिवृत्तांत करावी, असें सुचविणारें एक पत्र मीं लिहून ठेविलें आहे. माझ्या वडिलांनीं आणलेली ती चिठ्ठी त्या पत्राला जोडावी असें मनांत होतें, परंतु ती आतां सांपडत नाहीं.

नोव्हेंबरच्या पानावर आठ फुल्या होत्या. डिसेंबरांत पांच पुसल्या गेल्या, नाताळच्या सुटींत आणखी दोन. एक राहिली आहे. नगर तालुक्याच्या कडेच्या एका वाडींतील म्हाताऱ्या गृहस्थांची ती आहे. शस्त्रक्रियेनंतर पंधरा दिवसांनींच त्यांच्या मुलानें बिऱ्हाड गाडींत घातलें व सारें कुटुंब ऊसतोडणीला गेलें. म्हाताऱ्याला एकटें कोणाकडे ठेवावयाचें, म्हणून त्यांनाहि बरोबर नेलें. घराला कुलूप आहे. शेजारी सांगतात कीं, मंडळी प्रवरेच्या पट्ट्यांत कोठें तरी आहेत आणि कारखान्यांचा हंगाम संपला कीं चैत्रांत परततील. तेव्हां शाळेला परीक्षेची गडबड असेल. दहावीचीं मुलें मोकळीं झालेलीं असतील. त्यांतील दोघांनीं नांवें दिलीं आहेत. प्रवरेकाठच्या एका माजी विद्यार्थ्यालाहि पत्र घातलें आहे, कोप्यांवर चौकशी कर म्हणून. त्याचें उत्तर अद्याप आलेलें नाहीं.